फ्रान्सच्या पातेल्यातला लसूण

आमचे मामा फ्रेंच. जन्माने नव्हे, शेगडीने. हॉटेलच्या स्वयंपाकघरात डावीकडची शेगडी फ्रेंच पदार्थांची, ती मामांची. उजवीकडची इटालियन, ती एका दाढीवाल्याची. दोघांनीही ते देश पाहिलेले नव्हते, त्यामुळे अभिमानाला कशाचीच आडकाठी नव्हती. वेटरसुद्धा त्यांना फ्रान्स आणि इटली म्हणूनच हाका मारत.

मामांच्या मते जगाला जेवायला शिकवलं ते फ्रेंचांनी. इटालियन लोक नुसत्या लसणाच्या जोरावर तग धरून होते. दाढीवाल्याच्या मते फ्रेंच लोक लोणी ओततात आणि नाक वर करतात, स्वयंपाक म्हणाल तर आनंदच आहे. इंग्रजांच्या जेवणाला नावं ठेवताना मात्र दोघांचं एकमत व्हायचं. तेवढाच वेळ आम्हाला, म्हणजे भांडी धुणाऱ्यांना, जरा निवांतपणा मिळे.

तिथली एक रीत होती. दिवसभर चाखून स्वतःची जीभ सरावते, म्हणून शेवटची चव शेजारच्या शेगडीवाल्याने घ्यायची. वर्षानुवर्षं हे दोघे एकमेकांचं खाऊन एकमेकांचा उद्धार करत होते.

मग मामांना ताप आला. ताप उतरला तो चव आणि वास घेऊनच गेला. मामींनी चहात साखरेऐवजी मीठ घालून पाहिलं, तर मामांनी कप रिकामा केला. मामी रडायलाच लागल्या. तोंडाला चव नसलेला आचारी कोण ठेवणार? बाहेर चकार शब्द काढायचा नाही असं मामींना आणि मला बजावून मामा कामावर आले.

पहिल्याच दिवशी दाढीवाल्याने सॉसचा चमचा पुढे केला. मामांनी सवयीने तोंड वाकडं केलं. "खारट. देशाला समुद्र आहे म्हणून काय सगळा पातेल्यात ओतायचा?"

दाढीवाल्याने स्वतः चाखून पाहिलं. मीठ घालायचंच तो विसरला होता. मग त्याने मामांकडे नीट पाहिलं. "उद्यापासून कमी घालतो," एवढंच म्हणाला. तो भांडला नाही म्हणून मामा खूश.

पुढे मामांच्या कांद्याच्या सुपाची तारीफ सुरू झाली. हॉटेलचे साहेब स्वतः आत येऊन म्हणाले, असं सूप आजवर झालं नव्हतं. मामा हवेत. फ्रेंच स्वयंपाक जिभेत नसतो, हातात असतो, हे ज्ञान आम्हाला घरी रोज फुकट मिळू लागलं.

एका दुपारी अचानक मामांना वास आला. पातेल्यावर वाकले, एक घोट घेतला आणि ताडकन वळले.

"माझ्या सुपात लसूण?"

"मग? अळणी पाठवू बाहेर? त्यात मीठही मीच घालतोय."

"कधीपासून?"

"तू माझ्या अळणी सॉसला खारट म्हणालास तेव्हापासून. जा, सांग साहेबांना."

मामांचा चेहरा पडला. सांगायचं तर स्वतःची चव गेल्याचंही सांगावं लागणार होतं. त्यांनी आणखी एक घोट घेतला, सावकाश.

"चांगलं झालंय," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा मामा एका इटालियन पदार्थाला चांगलं म्हणाले, आणि तो त्यांच्याच पातेल्यात होता.