गार इस्त्री

माझ्या पार्लरमधल्या त्या यंत्राचं खरं नाव इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, आणि अजून मला ते एका दमात म्हणता येत नाही. शिवाजी पेठेतल्या बायकांनी मात्र ते आल्या आल्याच त्याचं बारसं उरकून टाकलं. हातात धरायला मूठ, आणि मुठीच्या पुढं चकचकीत धातूचा गोल, सपाट तळवा. वीज लावली की तळवा गारेगार होतो आणि त्याच्या मधल्या बारीक भोकातून वांगावरचं, मुरुमांवरचं औषधी सीरम थेंब थेंब गालावर उतरतं. औषध जरा चुरचुरतं, पण गारव्यामुळं ती चुरचुर कळत नाही आणि चेहरा लालबुंद होत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र. शेजारच्या काकींनी पहिल्यांदा ते गालावर फिरवून घेतलं आणि डोळे न उघडताच म्हणाल्या, "अगं, ही तर गार इस्त्री की!"

झालं. तेव्हापासून सगळ्या पेठेला गार इस्त्रीच पाहिजे. लग्नाआधी पाहिजे, लग्नानंतर पाहिजे, उन्हातून नुसतं भाजी घेऊन आलं तरी पाहिजे. आमच्या पेठेचा संघ फुटबॉलची मॅच हरला की माझा नवराही हळूच मागच्या दारानं पार्लरमध्ये येतो आणि खुर्चीत कपाळ पुढं करून बसतो. मी औषध न घालता नुसताच गार तळवा फिरवते. रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला की तो माणसात येतो.

पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा? मी ते यंत्र पेठेतल्या बायकांसाठी घेतलंच नव्हतं. मी ते घेतलं हुपरीतल्या एका चेहऱ्यासाठी, आणि तो चेहरा काही केल्या माझ्या खुर्चीत येऊन बसायला तयार नव्हता.

माझी आई हुपरीची. आमच्यात आईला अव्वा म्हणतात. हुपरीत घरोघरी चांदीचे पैंजण होतात, आणि पैंजणाला घुंगरं जोडायचं काम अव्वा लग्न होऊन आल्यापासून करते. आधी दिव्याच्या ज्योतीवर नळीनं फुंकर मारत, आता गॅसच्या ज्योतीवर. एका हातात चिमटा, एका हातात ज्योत, आणि चेहरा दोन्हीच्या वर वाकलेला. दोन्ही गालांवर काळपट वांग पसरलाय, उजव्या गालावर जास्त. कुणी विचारलं तर "जाळानं खाल्लं" एवढंच सांगते, आणि तेही दुसऱ्याच कुणाच्या गालाबद्दल बोलावं तसं. तिची एक सवय मला लहानपणापासून माहीत आहे. तोंडाजवळ काहीही आलं, अगदी नातवाचा हात आला तरी तिचा उजवा डोळा बारीक होतो आणि मान डावीकडं कलते. झळ चुकवायची सवय ती.

आणि तिचा एक नियम आहे. गिऱ्हाइकाच्या मालाला आपलं अंग लावायचं नाही.

हा नियम मी फार लहानपणी शिकले. पंचमीचा दिवस होता. गल्लीतल्या सगळ्या पोरी नटून झोपाळ्यावर निघालेल्या. आमच्या घरात तयार पैंजणांचा हा एवढा ढीग, आणि माझे पाय मोकळे! मी ढिगातला एक जोड उचलला, पायात अडकवला आणि छुमछुम करत बाहेर पळाले. अव्वा आत कामात होती, पण आवाजावरून तिला कोणत्या ऑर्डरचा जोड बाहेर निघालाय ते कळलं. भर गल्लीत कट्ट्यावर बसवून तिनं माझ्या पायातले पैंजण काढले. घरी नेऊन रिठ्याच्या पाण्यात बुडवले, पितळी ब्रशनं घासले, पुसून परत ढिगात ठेवले. मी भोकाड पसरलं होतं. मग तिनं मोडीचा डबा काढला. ज्यात काहीतरी चुकलंय, गिऱ्हाईक घेणार नाही, जे पुन्हा वितळवायचं, असा माल त्या डब्यात पडायचा. त्यातून तिनं दोन पैंजण शोधले. एकाला घुंगरं दाट, दुसऱ्याला विरळ. ते माझ्या पायात घातले आणि म्हणाली, "घे. ही आपली."

दोन पायांचे दोन वेगळे आवाज करत मी झोपाळ्यावर गेले, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडले. अव्वाच्या स्वतःच्या पायातले पैंजणही मोडीच्याच डब्यातले. आजही एकाचा अडकवायचा आकडा सरळ आहे आणि दुसऱ्याचा वाकडा.

तर अशी ही बाई दर काही दिवसांनी हुपरीहून बसनं माझ्याकडं यायची. पार्लरच्या मागच्या खोलीत बसून मेथी निवडायची आणि पडद्याआडून माझ्या गिऱ्हाइकांना मोठ्यानं सल्ले द्यायची. "जास्त घासू नगं ग तिला, पोरगी नाजूक हाय!" मी कितीदा म्हटलं, "अव्वा, गिऱ्हाईक गेलं, आता तू बस खुर्चीत. वांगाचं औषध हाय ह्यात. गार लागतंय, बघ तरी."

"मी काय गिऱ्हाईक हाय व्हय?"

"गिऱ्हाईक कशाला? तू माझी आई हाईस न्हवं?"

"म्हणूनच सांगतो. गिऱ्हाइकाची वस्तू हाय ती. गिऱ्हाइकालाच लाव." आणि पुन्हा मेथी.

मी चिडायचे. मला राग यायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला पेठेत कुणीही सांगेल. अख्ख्या पेठेच्या गालांना मी गारवा देत होते, आणि जिचे गाल जाळासमोर काळे पडले ती पडद्यामागं भाजी निवडत होती. ह्या यंत्राचा उपयोग तरी काय, असं मला मनापासून वाटायचं. वांग किती जाईल ह्याची मला फारशी फिकीर नव्हती. एकदा, फक्त एकदा तिनं ते गालावर घ्यावं, एवढीच माझी इच्छा होती.

एका दुपारी मी एका नवरीच्या घरी तयारीला गेलते. पार्लर बंद, अव्वा एकटी मागं. परत आले तर दारातच ओळखीचा वास आला. लहानपणाचा वास. मी क्षणभर सुखावले, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा रिठ्याचा वास आहे आणि तो माझ्या मोरीतून येतोय.

अव्वा मोरीत पाटावर बसली होती. पुढं रिठ्याच्या फेसाची बादली, हातात पितळी ब्रश, आणि दुसऱ्या हातात माझी गार इस्त्री. तळवा वर करून ती तो अगदी मन लावून घासत होती.

"अव्वा! अगं हे काय करालीस?"

"कळकट झालतं ग," ती समाधानानं म्हणाली. "सतरा बायकांच्या गालांवरनं फिरतंय, आणि तू नुसत्या कापसानं पुसतीस. बघ कसं उजळलंय!"

"ते पैंजण न्हाय, अव्वा! विजेचं यंत्र हाय ते! पाणी गेलं की आत!"

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. काकी त्यांच्या गच्चीवरून डोकावल्या, एवढा आवाज होता. अव्वाही ऐकून घेणारी नाही. "पितळी बरसानं चांदी उजळती, आणि ह्येला काय धाड भरली?" असं तिनं मलाच सुनावलं. करायला गेली काय आणि उलटे झाले पाय! यंत्राला वीज लावून बघितली तर मूठ मुकी, तळवा कोमट.

दुसऱ्या दिवशी यंत्र दुरुस्त करणारा माणूस आला. त्यानं ह्याला काय लावलं होतं असं विचारलं. मी म्हटलं, रिठा. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की ही तक्रार त्यानं जन्मात ऐकली नसावी. यंत्र उघडून, वाळवून, फुंकून त्यानं ते चालू केलं. तळवा पुन्हा गार झाला. पण त्याच्यावर ब्रशचे बारीक बारीक चरे उठले होते, गोल गोल, अव्वाचा हात फिरला तसे. "कातडीला ह्यानं काही होत नाही ताई, हात लावून बघा," तो म्हणाला. "पण गिऱ्हाईक बघितल्यावर नाक मुरडणार. पुढचा तळवाच बदलून टाका." तळवा फिरवून निघतो आणि फिरवून बसतो. त्यानं नवा बसवला आणि जुना टेबलावर ठेवला.

अव्वा पडद्याआडून सगळं बघत होती. कालपर्यंत माझ्याशी भांडणारी ती पुढं आली आणि टेबलावरचा तो चरे पडलेला तळवा बघत उभी राहिली. तिच्या हातून गिऱ्हाइकाचा तयार माल कधी बिघडला नव्हता. चहाही न घेता तिनं पिशवी उचलली. "मी जातो," म्हणाली आणि बस धरून हुपरीला गेली.

त्यानंतर ती येईना. फोन केला की "काम हाय" एवढंच. इकडं पार्लर शांत झालं. बायका विचारायला लागल्या, पडद्यामागच्या मावशी कुठं गेल्या म्हणून. माझा राग कधीच उतरला होता आणि त्या जागी नुसती चुटपुट लागून राहिली होती. टेबलाच्या खणातला तो जुना तळवा रोज हाताला लागायचा. एकदा मी तो मुठीला लावून स्वतःच्या गालावर फिरवून बघितला. नव्यासारखाच गार. चरे तर कळतही नव्हते. त्या क्षणी मला मोडीचा डबा आठवला आणि मी एकटीच मोठ्यानं हसले.

दुपारची गिऱ्हाइकं पुढं ढकलून मी यंत्र पिशवीत घातलं आणि हुपरीची बस धरली. पिशवी सगळा वेळ मांडीवर. शेजारच्या आजीनं विचारलं, "पावणं, काय न्येताय एवढं जपून?" मी म्हटलं, इस्त्री.

अव्वा नेहमीच्या जागी बसली होती. गॅसची निळी ज्योत सुरू, समोर घुंगरं. मला बघून तिनं ज्योत बंद केली नाही, फक्त बारीक केली.

"काय ग, मधेच?"

मी जुना तळवा तिच्या हातात दिला. "एक विचारायचंय. ह्येचं काय करू? गिऱ्हाइकाला चालत न्हाय. टाकून देऊ?"

तिनं तो उलटासुलटा केला, अंगठ्यानं चरे चाचपले. "गार व्हतंय का?"

"व्हतंय की. नव्यावानी."

"मग टाकतीस कशाला? चालू वस्तू हाय."

"पण गिऱ्हाईक घेत न्हाय म्हटल्यावर ह्येला वापरायचं कुणी?"

अव्वानं तळवा मांडीवर ठेवला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या पायांकडं बघत होते, त्या वाकड्या आकड्याच्या पैंजणाकडं. तिनंही खाली बघितलं. मग तिच्या लक्षात आलं. "लई शानी झालीस," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. हसता हसताच तिनं हात पुढं करून गॅस बंद केला.

तिला तिथंच भिंतीला टेकवून बसवलं. तोंड धुतलं, औषध भरलं, तळवा गार होऊ दिला. मी तो उजव्या गालाजवळ नेला तसा तिचा डोळा बारीक झाला आणि मान डावीकडं कलली. मी थांबले. हळूच टेकवला. ती दचकली, खांदे वर गेले. मी सावकाश फिरवत राहिले, गालफडापासून कानापर्यंत, पुन्हा खाली. जरा वेळानं खांदे उतरले. आणखी जरा वेळानं मान, जी मी जन्मभर कललेलीच बघितली होती, ती सरळ झाली. मला रडू यायला लागलं होतं, पण हात हलून चालणार नव्हता.

"लगीन झाल्यापास्नं तोंडाजवळ आलं त्ये गरमच आलं," अव्वा डोळे मिटून म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ह्या बी गालाला फिरव की. त्येनं काय पाप केलंय?"

आता ती दर गुरुवारी येते. वांग थोडा फिका झालाय, पुष्कळसा आहे तसाच आहे, आणि त्याचं आम्हा दोघींनाही काही वाटत नाही. जुना तळवा माझ्याकडं नसतो. मऊ फडक्यात गुंडाळून ती तो हुपरीला नेते आणि येताना परत आणते. गिऱ्हाइकं असली की पडद्याच्या ह्या बाजूला खुर्ची टाकून सल्ले देते, आणि गिऱ्हाइकं संपली की माझ्या खुर्चीत ऐसपैस बसते.

परवा नव्या तळव्याला सीरम उतरेना म्हणून मी तो सोडवून साफ करत बसले होते. काकींना घाई होती. त्यांनी टेबलावरचं फडकं उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा हाय की दुसरा. हाच लाव मला."

अव्वा खुर्चीतून उठली. टेबलापाशी आली, काकींच्या हातातून तळवा घेतला, फडक्यात परत गुंडाळला. उभ्या जन्मात कुठल्याही वस्तूबद्दल जे मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं, ते तिनं साऱ्या पार्लरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.

"न्हाय. त्ये माझं हाय."