दोन्ही बाजूंनी रंगवलेल्या पट्ट्या

नानांच्या बोटांना सदैव रंग लागलेला असे, असे ज्यांनी लिहिले आहे त्यांनी नानांची बोटे पाहिलेली नाहीत. मी पाहिली आहेत. लातूरच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या खोलीत माझे टेबल त्यांच्या टेबलाला खेटून होते आणि दुपारचा डबा आम्ही एकाच वर्तमानपत्रावर मांडून खात असू. आदल्या संध्याकाळी ते कोणाच्या दुकानाची पाटी रंगवून आलेले असोत की नाटकाचा पडदा, सकाळी कचेरीत त्यांची नखे एखाद्या नवरदेवासारखी स्वच्छ असत. आधी रॉकेल, मग राख, मग चिंच, असा हात धुण्याचा ठरलेला क्रम होता. "सरकारी कागदाला रंग लागला तर सरकार बोलंल," ते म्हणत, "आन् पाटीला शाई लागली तर गिऱ्हाईक बोलंल. दोघांचंबी खाऊन राहिलो, दोघांचंबी ऐकावं लागतं कांबळेभाऊ."

नाना गेल्यावर लातुरात त्यांची शोकसभा झाली. तिथे एका वक्त्याने 'नोकरीने एक मोठा कलावंत खाल्ला' असे सांगून टाळ्या घेतल्या. शोकसभेत टाळ्या! दुसऱ्या एकाने त्यानंतर छापलेल्या स्मरणिकेत, नानांनी कचेरीतील आतली बातमी वापरून धंदा केला, असे सूचित केले. त्यांचा पुतण्या सांगतो की काका भीत भीत नांदेडला गेले आणि घाबरून परत आले. या तिघांपैकी एकही त्या काळी त्या खोलीत बसत नव्हता. मी बसत होतो. म्हणून हे लिहिणे माझ्याकडे येते.

नानांचे धंदे तीन होते. दुकानांच्या पाट्या, गावोगावच्या नाटकांचे पडदे, आणि सणासुदीला मूर्ती व तसबिरी. हे सर्व साडेपाचनंतर आणि रविवारी. कचेरीच्या वेळेत त्यांनी पेन्सिलीने एक वेलबुट्टीसुद्धा काढलेली मी पाहिली नाही. उलट त्यांच्याकडे आलेला कागद संध्याकाळपर्यंत टेबलावर राहत नसे, कारण राहिला तर तो उजळणीसारखा डोक्यात घोळतो आणि कुंचला थरथरतो, असे त्यांचे मत होते. आमच्या कचेरीत ज्यांना दुसरा कसलाच नाद नव्हता त्यांच्या टेबलांवर कागदांचे डोंगर असत. हे स्मरणिकेत कोणी छापणार नाही.

मूर्तीचे किंवा तसबिरीचे डोळे ते फक्त रविवारी सकाळी काढत. आमच्या वस्तीतल्या विहारासाठी त्यांनी बुद्धाची तसबीर केली. चीवर झाले, बोधिवृक्ष झाला, चेहरा झाला, आणि डोळ्यांच्या जागी नुसते दोन फिके डाग. वस्तीतली मंडळी रोज संध्याकाळी विचारू लागली. माझी आई तर एके दिवशी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "अहो नाना, भगवंताला किती दिवस आंधळं ठेवता?" नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आई, हप्ताभर कागद बघून माझा डोळा शिणतो. शिणल्या डोळ्यानं दुसऱ्याचा डोळा काढू न्हाई. ऐतवार येऊ द्या." रविवार आला. ते डोळे आजही विहारात आहेत. ज्यांना नोकरीने कलावंत खाल्ला असे वाटते त्यांनी जाऊन त्या डोळ्यांना विचारावे.

बहात्तरच्या दुष्काळात पाट्यांचा धंदा बसला. दुकानात मालच नव्हता, पाटी कशाला? त्याच वर्षी शिरूर अनंतपाळच्या बाजूच्या एका गावाने, दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या मंडळींच्या विरंगुळ्यासाठी नाटक बसवले आणि पडदा नानांना सांगितला. पडद्याचे रंग पाण्यात कालवून लावायचे असतात आणि पाणी तर टँकरने येत होते. नाना म्हणाले, रंगासाठी कोणाच्या घागरीतले पाणी मी घेणार नाही. पाट्यांसाठी आणून ठेवलेला तेलाचा रंग त्यांनी पडद्यावर चढवला आणि काढली काय, तर दोन्ही थड्या भरून वाहणारी नदी. पडदा वाळून पत्र्यासारखा ताठ झाला. गुंडाळायला चार माणसे लागत. नाटकाच्या दिवशी पडदा उघडला तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओरडला, "ए पेंटर, एवढं पाणी दावून राहिलास, एक घागर भरू दे की!" सगळे हसले. नानांसकट. त्या वर्षात एवढे हसलेले लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

दुष्काळ सरला, दुकाने भरली, तरी पाट्या येईनात. याचे कारण जिल्हा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. लातूरचा स्वतंत्र जिल्हा होणार अशी बातमी दर दिवाळीला येई आणि दर संक्रांतीला विरे. दुकानदार म्हणत, "नाना, आता पाटी करायची, मग जिल्हा बदलायचा, मग पुन्हा पाटी करायची. त्यापेक्षा जिल्हा होऊ द्या." अशी वर्षे निघून चालली. तेव्हा नानांनी एक युक्ती काढली. पाटीच्या तळाशी, जिथे गाव आणि जिल्हा लिहितात, तिथे त्यांनी पत्र्याची एक वेगळी पट्टी स्क्रूने बसवायला सुरुवात केली. पट्टीच्या दर्शनी बाजूला जि. उस्मानाबाद, आणि मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, जि. लातूर. जिल्हा झाला की स्क्रू काढायचे, पट्टी उलटायची, स्क्रू पिळायचे. पेंटरला बोलवायचीही गरज नाही.

युक्ती चालली. लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत ओळीने नानांच्या पाट्या लागल्या. लोक चेष्टा करीत: "काय नाना, जिल्हा स्क्रूवर आलाय म्हणे!" नाना म्हणत, "आम्ही स्क्रू ढिला करून ठेवलाय. पिळायचं तेवढं सरकारकडं हाय."

आणि ब्याऐंशी साली खरोखर जिल्हा झाला. गुलाल उधळला, फटाके वाजले. मुरुडात दुकानदार स्टुलावर चढले, पट्ट्या उलटल्या आणि मोकळे झाले. बाकीचे पेंटर मात्र पुढे कित्येक महिने अख्ख्या पाट्या नव्याने रंगवीत होते. त्यांना जेवायला सवड नव्हती. त्या सुगीत नाना तेवढे रिकामे. "माझ्याच पट्टीनं मला बडवलं," ते म्हणाले आणि डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवली.

एवढ्यावर हे थांबते तर बरे होते. पण त्या उलटलेल्या पट्ट्या कोणाच्या तरी डोळ्यांवर आल्या आणि वर निनावी अर्ज गेला: सदर लिपिकास नव्या जिल्ह्याची बातमी कचेरीत आधीच समजली होती व तिचा त्याने खाजगी धंद्यासाठी उपयोग केला. चौकशीला वरून साहेब आले. नानांची नोकरी टांगणीला लागली. घरी दोन मुले शिकत होती. मला साक्षीदार म्हणून बसवले होते, त्यामुळे पुढचे संभाषण मी ऐकीव सांगत नाही.

साहेबांनी विचारले, "लातूर जिल्हा होणार हे तुम्हाला आधी कसे कळले?"

नाना म्हणाले, "साहेब, कळलंच न्हाई ना! कळलं असतं तर मागची बाजू कोरी ठेवली असती. जिल्हा झाल्यावर रंगवायचे पैसे घेतले असते. मला वाटलं, आपल्या हयातीत काय हे होत न्हाई, गिऱ्हाईकाला तेवढाच दिलासा."

साहेबांनी रुमाल काढून तोंड पुसले. घाम आला नव्हता. हसू दाबत होते, हे मी शपथेवर सांगतो. बातमी फोडल्याचा आरोप तिथेच मिटला. स्मरणिकेच्या लेखकाने याची नोंद घ्यावी. परंतु साहेब मुरलेले होते. ते म्हणाले, "ते राहू द्या. पण नोकरीत असताना दुकानांच्या पाट्या करता, हे खरे ना?" नाना म्हणाले, "खरं हाय." साहेब म्हणाले, "पडदे, मूर्ती ही कला झाली, तिला परवानगी मिळेल. पाट्या हा धंदा झाला. महिनाभरात ठरवा. खुर्ची ठेवायची की पाट्या."

याच सुमारास नांदेडहून एक सरदारजी आले. त्यांचा ट्रकच्या बॉड्या बांधण्याचा कारखाना होता आणि मुरुडच्या पाट्यांवरचे अक्षरांचे वळण त्यांच्या मनात भरले होते. आमच्या कचेरीच्या फाटकात उभे राहून त्यांनी नानांना सांगितले, "नाना, छोड दो ये कलम घिसाई. मेरे यहाँ आ जाओ, पूरा रंगकाम तुम्हारा. राजा के माफिक रहो." नानांनी रजा टाकली आणि नांदेड गाठले. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे भीत भीत नव्हे. मी त्यांना एस.टी.त बसवून दिले आहे. नवी चप्पल घालून, शीळ वाजवत गेले.

रजा संपण्याच्या कितीतरी आधी ते टेबलावर हजर. मी विचारले, "काय झाले? सरदारजीने फसवले?"

"छ्या! माणूस लई मोठ्या दिलाचा. खाऊ घातलं, पलंग दिला."

"मग?"

"सकाळी मोर. दुपारी मोर. दिवस बुडता बुडता आणखी एक मोर. आठव्या ट्रकाला मला मोराचा कंटाळा आला, आन् मोराला माझा. भाऊ, इथं बसलो की दिवसभर मनात रंग चालून राहतात. संध्याकाळी हात सुटतो. तिथं संध्याकाळी सुटायला काही उरतच नव्हतं."

हे भ्याडाचे बोलणे आहे काय? वाचकाने ठरवावे. मी ठरवले आहे.

नाना परतले, पण प्रश्न सुटला नव्हता. खुर्ची राखायची तर पाट्या सोडायला हव्यात, आणि पाट्यांवर घर चालत होते. सोडवणूक केली कमलकाकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने. बऱ्याच जणांना हे ठाऊक नाही की नाना अक्षराची फक्त कड आखीत; आत रंग भरण्याचे काम पहिल्यापासून काकूंचे. नाना चिंतेत बसले आहेत असे पाहून त्या माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "साहेबानं तुमच्या पाट्या बंद केल्यात. माझ्या कुठं केल्यात?"

नाना म्हणाले, "तुला कड आखता येती?"

"लग्न झाल्यापून तुमच्या कडंच्या आत राहून राहिले. कड कुठं असती, माझ्याबिगर कोणाला ठावं?"

नानांनी साहेबांना जाऊन रीतसर सांगितले: पाट्यांचे काम आजपासून कुटुंब करील, मी हात लावणार नाही. साहेबांनी मान्य केले. लोक म्हणाले, नाटक आहे, नाव बाईचे आणि हात बुवाचा. असे म्हणणाऱ्या एकाला मी स्वतः हाताला धरून मुरुडला नेले. काकू पदर खोचून शिडीवर उभ्या होत्या आणि एका कापड दुकानाच्या पाटीची कड आखत होत्या. खाली नाना, शिडी धरून. त्या वरून ओरडल्या, "शिडी हलवू नका हो, तुमची कचेरी न्हवं ही!" नानांनी आपला शब्द पाळला. पुढे काकूंच्या पाट्या त्यांच्यापेक्षा सरस होऊ लागल्या तेव्हाही त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही, फक्त सुस्कारा टाकला. त्यांच्या हाती पडदे आणि मूर्ती उरल्या आणि त्यात ते निवृत्तीपर्यंत सुखाने राहिले.

निवृत्तीच्या निरोप समारंभात सगळ्यांनी एकच पालुपद लावले: आता नाना मोकळे, आता दिवसभर चित्रे. मीही तेच बोललो असेन. मुलाला नांदेडला नोकरी लागली होती, तिकडे ते आणि काकू राहायला गेले. काही वर्षांनी मी एका लग्नासाठी नांदेडला गेलो असताना पत्ता विचारीत त्यांच्या घरी पोचलो. सूनबाई म्हणाल्या, "बाबा ड्यूटीवर गेलेत." कसली ड्यूटी? पेन्शनर माणूस!

एका सार्वजनिक वाचनालयाच्या माडीवर नाना टेबल मांडून बसले होते. पुस्तके देणे, घेणे, नोंद करणे. दहा ते पाच. बिनपगारी.

मी संतापलो. खरेच संतापलो. म्हणालो, "नाना, जन्मभर खुर्ची सांभाळलीत ती पोरांसाठी, हे समजू शकतो. आता कशासाठी? आता तरी दिवसभर रंगवायचे!"

"रंगवलं की. पहिले दोन महिने रंगवलं. मग तुमची काकू म्हणाली, तुमचं तोंड त्या मोराच्या टायमासारखं झालंय." ते एका मुलीचे पुस्तक नोंदवत होते, तिला पुस्तक देऊन त्यांनी माझ्याकडे पाहिले. "भाऊ, टेबलावर बसल्याबिगर मला संध्याकाळच होत न्हाई."

भिंतीवरच्या घड्याळात पाच झाले. नानांनी पेनाला टोपण लावले, खुर्ची आत सरकवली. गोदावरीकाठच्या एका वस्तीत मुले नाटक बसवत होती आणि त्यांना पडदा हवा होता. "चला," ते म्हणाले, "तुम्ही बसा पाहिजे तर. मला कामाला जायचं हाय."

आणि ते जिना उतरू लागले. मी त्यांच्याहून वयाने लहान. तरी कठडा धरून, एकेक पायरी जपत, त्यांच्या मागे राहिलो. मी खाली पोचलो तोवर ते ऑटोत बसून गेले होते.