पिवळा दिवा

शबाना सिस्टरांचं नाव आधी लिहिते, माझं काय झालं ते मागून. चाकणच्या आमच्या कंपनीत दवाखान्याची एक खोली आहे, तिथे त्या बसतात. मी खोली घेऊन राहते त्या थेरगावच्याच, नवऱ्याचं गॅरेज आहे. गावाकडच्यांनी आणि माझ्यासारख्या गाव सोडून आलेल्यांनी हे नाव लक्षात ठेवावं, म्हणून हा खटाटोप.

परभणीकडच्या आमच्या फाट्यावर एसटी थांबते ती मिनिटभरच. नववीत शाळा सुटलेली, अठरा भरताच घरात माझ्या लग्नाचा विषय निघालेला, आणि मी हट्टाने कामाला निघालेली. आईने खिडकीतून भाकरीचं फडकं दिलं आणि म्हणाली, "कुनाला तरास देऊ नको माय. लोकाच्या गावात ऱ्हायचंय." गाडी सुटली. फडकं पुण्यापर्यंत रिकामं झालं, ते वाक्य मात्र मी गाठ मारून ठेवलं.

मोटारीच्या आत वायरींची जुडी असते, ती आम्ही कंपनीत उभ्या बोर्डावर बांधतो. लाईन सारखी पुढे सरकते. कुणाला बाथरूमला जायला जागा सोडायची असेल तर बटण दाबायचं. डोक्यावर पिवळा दिवा लागतो आणि रिलीव्हर येऊन आपल्या जागी उभी राहते. मी तो दिवा एकदाही लावला नाही. माझ्यासाठी दुसरीला पळवायचं म्हणजे त्रासच ना? त्यासाठी मी युक्ती काढली. उठल्यापासून पाणी प्यायचं नाही. कॅन्टीनमध्ये डाळ नको, ताक नको. कोरडा भात दोन घास. लाईनवर सगळ्यांत शहाणी मुलगी आपणच, असं मला वाटायचं.

मग छातीत धडधडायला लागलं. थेरगावच्या डांगे चौकात कंपनीची बस दिसली की ते आणखी वाढायचं. लाईनवर वायर भलत्याच भोकात जायची. फोनवर दादाला नुसतं 'गरगरतं' म्हणाले, तर तो म्हणाला, "झेपत नसंल तर ये वापस. स्थळं बघूनच ठेवलेत." त्या दिवसापासून दुखणं कुणाला सांगायचीच भीती बसली.

एका सकाळी बोर्डासमोरच पडले. माझ्या जागेवरचा दिवा त्या दिवशी पहिल्यांदा लागला. तो लावला आमच्या लाईन लीडर सुवर्णाताईंनी.

"आज पाणी किती प्यायलीस?" सिस्टरांनी विचारलं.

"नाही प्याले."

"काल?"

कालही नाही, म्हणाले. "उंट आहेस का गं?" म्हणाल्या आणि मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं. ओरडल्या असत्या तर मी गप्प बसले असते. त्या नुसत्या शेजारी बसल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. धडधड, दादा, सगळं.

दोन दिवसांनी कॅन्टीनच्या कोपऱ्यात मला बोलावलं. सिस्टर, सुवर्णाताई, कॅन्टीनचं जेवण ठरवणाऱ्या आहाराच्या मॅडम आणि कंपनीत येणाऱ्या समुपदेशक मॅडम, चौघी एका टेबलाला. आमच्याकडे चार माणसं बसतात ती लग्न जमवायला नाहीतर मोडायला. मला वाटलं, झालं, घरी पाठवतायत. समुपदेशक मॅडमनी आईचं वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आईलाच विचारूया की." फोन स्पीकरवर.

"पानी पिऊ नको असं कवा म्हनले मी?" आई कडाडली. "कामचुकारपना करू नको म्हनले! मरायला धाडलं का तुला?"

सुवर्णाताई हसून म्हणाल्या, "मावशे, घोर करू नका. आमी हाय हितं."

पुढे चौघींनी मला वाटून घेतलं म्हणा ना. आहाराच्या मॅडमनी माझी भाकरी बंद केली नाही. तिच्यासोबत डाळ, ताक आणि खिशात शेंगदाणे-गूळ दिला. समुपदेशक मॅडम दर मंगळवारी भेटायच्या. बसमध्ये धडधडलं की पाय टेकवून बाहेर दिसेल ते मनात म्हणायचं, असं शिकवलं: फळवाला, पंक्चरवाला, फुलवाली. आणि सुवर्णाताईंचा हुकूम, "धा वाजले की दिवा तू लावायचा. न्हाई लावलास तर मी लावीन, आन् सगळ्या लाईनीसमोर तुझं नाव घेईन." सिस्टर या तिघींना विचारत राहायच्या, पोरगी कशी आहे.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा कानशिलं तापली. सगळी लाईन माझ्याकडे बघणार! कुणी मानही वर केली नाही. रिलीव्हर आली आणि म्हणाली, "सरक गं, जाऊन ये."

आता लाईनवर रिलीव्हर मीच आहे. सगळ्या जागांचं काम येतं तिलाच रिलीव्हर करतात, हे दादाला मी दोनदा सांगितलं. स्थळांचं तो हल्ली काढत नाही. नव्या मुलींना मी आधी पाण्याची बाटली दाखवते, मग बटण. गाव घर आहेच. पण 'मला जरा जायचंय' असं जिथे न घाबरता म्हणता येतं, तेही आता मला घरच वाटतं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. सिस्टरांच्या खोलीवर दिवा नाही. त्यांचा डबा चार वाजता उघडतो, गार झालेला, आणि तोही उभ्याउभ्या. मी दहावीचा फॉर्म भरलाय. पुढे नर्सिंग शिकणार आहे, कितीही वर्षं लागोत. सिस्टर, एक दिवस मी तुमच्या दारात येऊन म्हणेन, "सरका, मी आहे. जेवून या." आणि तुम्ही बसून, गरम जेवाल.