कुऱ्हाडीचा कौल

माझं तोंड तिखट आहे, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्या चार वर्षांत मी जेवढी भांडले, तेवढी उभ्या आयुष्यात भांडले नसेन. नवरा मुंबईची नोकरी संपवून गावी आला तो फुफ्फुसं निकामी करूनच. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते चालतं विजेवर. लाईट गेली की इन्व्हर्टर दोन तास निभावतो, मग सिलिंडर. तोही संपला की मालवणहून दुसरा येईपर्यंत मी त्याच्या ओठांचा रंग बघत बसायची.

आणि लाईट तर उठसूट जायची. आमच्या वाडीची तार देवाच्या राईतून येते. जुनी, आभाळाला टेकलेली झाडं. त्यांना कोणी हात लावत नाही. वारा सुटला की फांदी तारेवर टेकायची आणि अख्खी वाडी गप्प. वायरमन बिचारा भिजत यायचा, लांब बांबूने फांदी सारायचा, लाईट यायची आणि तासाभरात पुन्हा गुल. मी त्यालाच शिव्या द्यायची. दुसरं होतं कोण समोर?

शेवटी एकदा मालवणच्या वीज ऑफिसात गेले आणि इंजिनीअर बाईच्या टेबलावर हात आपटला. घाटावरची मुलगी, माझ्या लेकीच्या वयाची. म्हटलं, "ती झाडं तोडा. नाहीतर माझ्या माणसाला इथे आणून तुमच्या पंख्याखाली निजवते."

मुलगी घाबरली नाही. आधी मला पाणी दिलं. म्हणाली, "काकी, तार जमिनीखालून नेली तर सगळ्यात उत्तम. पण आमची कंपनी सरकारी. एकेका वाडीला एवढा खर्च करत गेलो तर तो सगळ्यांच्या दरात चढतो. आणि दर चढला की तुम्हीच याच टेबलावर बिलं आपटता."

खरं होतं. गेल्याच महिन्यात आपटलं होतं.

"झाडं तोडणं स्वस्त," ती पुढे म्हणाली, "पण राई गेली तर तुमच्या वाडीच्या विहिरीला पाणी राहील का? मग त्याच खांबांवर रबरी वेष्टनाची केबल ओढायची. फांदी टेकली तरी लाईट जात नाही. खर्चही आवाक्यातला."

"मग ओढत का नाही?"

"तुमचा गाव ओढू देत नाही. माणसं पाठवली की सांगतात, राईत लाईटवाल्यांनी नवीन काही करायचं नाही, देवाचा डावा कौल आहे."

कोणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. कारण नवरा धडधाकट होता तेव्हा हेच वाक्य मीही त्या वायरमनला ठणकावून ऐकवलं होतं. सून म्हणून आले तेव्हापासून ऐकत आलेली. कधी मनात शंकासुद्धा आली नाही.

आमच्याकडे मोठं काम देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या पाषाणाला उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार म्हणजे नकार, पुढे ब्र काढायचा नाही.

तरी मी मानकऱ्यांच्या घरोघर फिरून देवळात बैठक बसवली. इंजिनीअर मुलगीही आली. सगळे एकच पालुपद धरून बसले : एकदा डावा पडला, विषय संपला. मी मागे बायकांत बसले होते, ती उठून पुढे गेले. कोणीतरी म्हणालं, बायकांनी मधे बोलायची रीत नाही. म्हटलं, "रीत गेली चुलीत! तेव्हा देवाला नेमकं विचारलं काय होतं, तेवढं सांगा. मग मी गप बसते."

कोणालाच माहीत नाही! तेवढ्यात कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेले म्हातारे गुरव म्हणाले, "मीच इचारललंय. झाडाक कुऱ्हाड लावूची काय, इतक्याच. डावी पडली. तारेचा कोणी इचारूकच नाय."

"अहो, मगे इतकी वर्षां गप कित्याक रवल्यात?" मी ओरडले.

"माका खंय कोणी इचारल्यान?"

देऊळभर हसू फुटलं. मला मात्र तो अडकित्ता उचलून त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला. देवाने फक्त कुऱ्हाडीला नाही म्हटलं होतं. बाकीचं सगळं आम्हीच त्याच्या नावावर वाढवत नेलं होतं. आणि मीही झाडं तोडायलाच निघाले होते, म्हणजे ज्याला त्याने खरोखर नकार दिला नेमकं तेच. मनातल्या मनात कान धरले.

गुरव उठले, पाकळ्या लावल्या. "बा देवा म्हाराजा, कुऱ्हाड लावणार नाय, फांदी मोडणार नाय. जाडी तार ओढून वाडयेक लाईट दिवची आसा. तुझी मान्यता आसा काय?" सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हणाले.

पाकळी पडेना. दोन्ही तशाच चिकटलेल्या. माझा धीर सुटला, तोंडातून निघूनच गेलं, "देवा, झाडां तुझी, तशी माणसांय तुझीच मां? सांग बेगीन!" गुरवांनी डोळे वटारले. आणि उजवी पडली.

मी तिथेच पदर तोंडाला लावून ढसाढसा रडले. लाज नाही वाटली.

आठ दिवसांत केबल झाली. वायरमननी राईच्या तोंडाशी चपला काढून ठेवल्या आणि मग शिड्या लावल्या. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

श्रावणात एका दुपारी समुद्राकडून असा वारा सुटला की माड जमिनीला लागतात की काय असं वाटलं. राईकडून काडकन आवाज आला. मी धावत जाऊन सिलिंडर ओढला, तो उघडायची चावी हातात धरून उभी राहिले. मशीन चालूच. पंखा फिरतोय. चावी न सोडताच वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, फांदी केबलीर पडली आसा. रवांदे थंयच, वारो थांबल्यार काढतंव."

चावी ठेवली आणि नवऱ्याच्या पायगती जरा टेकले. डोळे उघडले तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती. तो नाकात नळी घेऊन उशीला टेकून बसला होता, माझ्याकडे बघत.

"घोरी होतंस," तो म्हणाला. "चार वर्षांनी आयकलंय. माका वाटला, माझ्या श्वासाबरोबर तुझी झोपय गेली."

"मगे उठवल्यात कित्याक नाय?"

"कशाक उठवू?" तो म्हणाला. "लाईट होती मां."