महूच्या बाईंची गिटार

राजधानी भोपाळला गेली म्हणून सारं इंदूर रुसलं होतं, तेव्हा मी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गिटारी जमवत होतो. घराण्यातला मी पहिला पदवीधर. कॉलेजच्या वाचनालयानं मला खूप दिलं, त्यात वाद्यांवरचं एक जाड पुस्तकही होतं. घरी या छंदाला ‘डिग्रीचा दुष्परिणाम’ म्हणत. भिंतीवर तीन गिटारी होत्या, वाजवता एकही येत नव्हती.

चौथी महूला होती. छावणीतल्या एका अँग्लो-इंडियन बँडमास्तरची म्हातारी विधवा बंगला सोडून लेकीकडे निघाली होती. सियागंजात किराण्याची पेढी असलेला माझा मित्र सोबत आला, भाव पाडायला. मी गिटारीच्या भोकातून बॅटरी मारून आतल्या पट्ट्या पाहिल्या. कुठे जोड नाही, ठिगळ नाही, रंग मूळचा. लढाईनंतर असं मुरलेलं लाकूड कुणी वापरत नाही, हे पुस्तकानं सांगितलेलं. मी हसतच पुन्हा एकदा आत बॅटरी मारली.

मित्र कानाशी म्हणाला, "भिया, तोंड जरा पाड. चेहऱ्यावरच भाव वाढतोय."

पण बाईंना भावाशी घेणं नव्हतं. "दीवार पे टाँगने वाले को नहीं दूँगी," त्या म्हणाल्या. "बजाओ."

मला हार्मोनियमवर गणपतीची आरती तेवढी येत असे. तीच मी एका तारेवर, एका बोटानं शोधू लागलो. दुसऱ्या ओळीला मित्रानं ती ओळखली. आरती बसून ऐकायचे संस्कार त्याच्यावर नव्हते. तो उठला, हात जोडले, डोळे मिटले. ते पाहून बाईही काठी टेकत ताठ उभ्या राहिल्या. आता मधेच थांबायची सोय नव्हती. सगळी कडवी झाली. शेवटी मित्रानं डोळे मिटूनच स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"हो गया? बैठूँ?" बाईंनी विचारलं. मग मला म्हणाल्या, "तुम बहुत बुरा बजाते हो. लेकिन ये आदमी! इतना बुरा सुनके भी म्यूज़िक के लिए खड़ा हो गया. गिटार इसकी."

पैशाचं नावही काढू दिलं नाही.

फाटकाबाहेर मी हात पुढे केला. मित्रानं गिटार दुसऱ्या काखेत घेतली.

"अरे, तुला काय करायचीय ती?"

"मला कुठे काय करायचंय? बाप्पानं दिली, ठेवून घेतली. तुला हवी असेल तर बोल काहीतरी."

मग स्टेशनापर्यंत मी त्या गिटारीचे दोष सांगत गेलो. मान वाकडी, तारा गंजलेल्या, खुंट्या ढिल्या. तो सगळं ऐकून घेत होता आणि प्रत्येक दोषागणिक तिला आणखी घट्ट धरत होता.