लॉक करू न देणारी खिडकी

“अहो भाऊ, दाबा ना ते बटण! पाचला बंद होणाराय!”

करमाडचे रावसाहेब मामा माझ्या कानाशी असे ओरडत होते, की अर्धं शहागंज दचकलं असेल. अन् मी दाबतच होतो हो... पण कर्सर बटणावर नेला की समोर दुसरीच खिडकी!

आधीच सांगतो, भूत-बित, करणी-बिरणी निघालं की मी पोट धरून हसणारा माणूस. राहतो हर्सूलला, तलावाच्या कडेनं कधीही एकटा फिरतो. माझ्या वाटेला भूत काय, डाससुद्धा जात नाही. शहागंजात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. पद्धत अशी, की दर गिऱ्हाइकाची एक खिडकी. एकाचा ओटीपी येईना की त्याची खिडकी मागं, दुसऱ्याची पुढं. चाळीस-चाळीस खिडक्या उघड्या असतात (बायको म्हणते आठ, ती जळते माझ्यावर). ऑल्ट-टॅबवर माझी बोटं अशी पळतात, की तबलजीनं शिकवणी लावावी.

तर त्या दिवशी पावणेपाच झालेले. मामांच्या पोरीचा, पल्लवीचा, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म. शेवटचा दिवस. सगळं भरून झालेलं, फक्त लॉक करायचं. एकदा लॉक केलं की दुरुस्ती नाही.

कर्सर नेला... आणि फॉर्मवर एक स्कॅन येऊन बसला. कसलंतरी हॉल तिकीट. बंद केलं. पुन्हा तेच. ऑल्ट-टॅबनं सगळ्या खिडक्या फिरवून आणल्या, तरी पुढं हीच. तीनशे वेळा बंद केली असेल मी! बरं, तीनशे नाही — सहा. पण ती सहा मोजलेली आहेत.

चार बावन्न. मी कीबोर्डची वायर उपटली, माऊसची उपटली, दोन्ही हात डोक्यावर ठेवले. समोर फक्त फॉर्म होता. मग, कुणाचाही हात न लागता, ती खिडकी त्याच्यावर आली.

मामांचं ओरडणं थांबलं. त्यांनी स्क्रीनवरच्या हॉल तिकिटाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं चहाच्या कपाचा अर्धा गोल डाग होता.

“हा डाग माझ्या हातचा हाय,” ते हळूच म्हणाले.

पिशवीच्या तळातून त्यांनी कागद काढला. पल्लवीचं हॉल तिकीट. तोच डाग, तीच घडी. फॉर्मला ते जोडायचं नव्हतं, म्हणून माझ्या दुकानात ते पिशवीबाहेर आलंच नव्हतं! रोल नंबर मामांनी चिठ्ठीवर लिहून आणला होता.

मी तो कागद स्क्रीनजवळ धरला. खिडकीमागून पल्लवीच्या फॉर्मची कड दिसत होती, तिच्यात रोल नंबर. शेवटचे चार आकडे वेगळे! सकाळी येऊन गेलेल्या दुसऱ्या पोरीचा नंबर ब्राउझरनं आपोआप भरला होता, आणि मी घाईत चिठ्ठीशी ताडून बघितलंच नव्हतं. लॉक झालं असतं तर पल्लवीचं वर्ष गेलं असतं... माझ्या हातानं.

वायरी परत लावल्या. एक आकडा तीनदा चुकवला, तीनदा खोडला. या वेळी खिडकी आडवी आली नाही. चार एकोणसाठला लॉक.

नंतर त्या स्कॅनसाठी अख्खा कॉम्प्युटर उलथापालथा केला. फाइल नाही, नाव नाही, माग नाही. रिपेअरवाल्यानं दोन दिवस मशीन ठेवून घेतलं. व्हायरससुद्धा सापडला नाही. आजवर मला याचा उलगडा झालेला नाही, आणि इथं एक शब्दही वाढवून सांगितलेला नाही (चाळीस खिडक्या सोडून).

शेवटची आशा म्हणून पंधरवड्यानं मामांना फोन लावला. सगळं पुन्हा सांगितलं अन् विचारलं, मामा, तो कागद तुम्ही आधी कुठं स्कॅन केला होता का, कुणाला मोबाईलवरून पाठवला होता का?

“नाय,” मामा म्हणाले. “पल्लवीला जालन्याला सीट लागली.”