पंख्यापासून लांबची खुर्ची

नव्वद सालच्या आसपास मी मुंबईत विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकत होते. मेच्या सुट्टीत सिल्वासाला वडिलांच्या सरकारी क्वार्टरमध्ये यायचे आणि सराव म्हणून तिथल्या वाचनालयात बसायचे.

पहिली पाळी सुटली की कापडाच्या कारखान्यातला एक खानदेशी कामगार यायचा. केसांत सुताचा भुगा, हात मात्र कोपरापर्यंत धुतलेले. बाकीचे पंख्याखालच्या खुर्च्या पकडायचे. हा सगळ्यात लांब, दाराजवळ बसून ओठ हलवत कादंबरी वाचायचा.

एका दुपारी आम्ही दोघंच होतो.

"ताई, पंखा बंद करू का?"

एवढ्या मोठ्यानं, की मी दचकलेच. 'शांतता राखा'च्या पाटीकडे बोट दाखवलं, तर त्यानं जीभ चावली.

"मशीनपुढे असंच ओरडाले लागतं. घरीबी तसंच बोलतो, पोरं हसतात." हेही मोठ्यानंच. "इथं माझं वाचणं माले ऐकू येतं. पंख्याची तेवढी घरघर..."

मी पंखा बंद केला. घामानं पानं बोटांना चिकटू लागली. मग मलाही ऐकू आलं त्याचं वाचणं. निजणाऱ्या मुलाला गोष्ट सांगावी, इतकं हळू.

वाचक ग्रंथालयात का येतो, यावर परीक्षेत मी पानभर मुद्दे लिहिले. हा मुद्दा कुठल्या पुस्तकात नव्हता.

पुढे ज्या ग्रंथालयात नोकरी केली तिथं मी एक खुर्ची पंख्यापासून लांब ठेवायचे. उन्हाळ्यात ती रिकामीच असायची.

"मॅडम, उचलू का?" शिपाई विचारायचा.

"राहू दे. मोठ्यानं बोलणारं कुणीतरी येईल."